ग्वांगझोऊत हॉटेल: कँटन फेअरसाठी ६ रात्री, काय बघून बुक करावं?

यंत्रमागवाला

१ ते ५ मे कँटन फेअरचा (चीनमधल्या ग्वांगझोऊच्या व्यापारी प्रदर्शनाचा) तिसरा टप्पा, म्हणजे आमचा कापडाचा. इचलकरंजीहून मी आणि वडील (वय ६६) जाणार आहोत, व्हिसाचं काम चालू आहे. २९ एप्रिलला रात्री निघून ३० ला पहाटे चार-साडेचारला उतरू. ५ तारखेला रात्री परतीचं विमान.

हॉटेलबद्दल जो तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं परदेशी माणसाला दारातूनच परत पाठवतात, कोणी म्हणतं आपल्याकडच्यापेक्षा निम्म्या भावात दुप्पट चांगली खोली मिळते. वडील शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. शिवाय संडासात पाण्याची सोय नसते असं ऐकून ते आत्तापासूनच धास्तावलेत. खोली कशी निवडायची, काउंटरवर काय होतं, पैसे कसे द्यायचे, सगळंच सांगा. "छान आहे, जाऊन या" एवढंच नको.

---

लाइननंबर८

आधी तारखांकडे बघा. १ ते ५ मे ही चीनमध्ये कामगार दिनाची सलग सुट्टी असते. फेअरची गर्दी आणि देशभरातून फिरायला निघालेले लोक, दोन्ही एकाच वेळी. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर बुकिंग करू म्हणाल तर उरलंसुरलं हाती लागेल. आत्ताच करा, फक्त रद्द करता येईल असं.

जागा. फेअर शहरातल्या पाझोऊ भागात भरतं. मेट्रोच्या ८ नंबर लाइनवरची शिनगांग दोंग आणि पाझोऊ ही दोन स्टेशनं हॉलना लागूनच आहेत. तिथली हॉटेलं त्या दिवसांत दुप्पट-तिप्पट भाव लावतात आणि खोली तीच असते. तीन-चार स्टेशनं अलीकडे, खत्सुनच्या आसपास बघा. तिथे ३ आणि ८ नंबरच्या लाइन मिळतात, म्हणून संध्याकाळी शहरात जायलाही सोपं पडतं. स्टेशनपासून चालत ५-७ मिनिटांच्या पलीकडचं हॉटेल घेऊ नका. दिवसभर हॉलमध्ये तंगडतोड झाल्यावर वडिलांना तो शेवटचा किलोमीटर नको होईल.

खोली निवडताना ताऱ्यांवर जाऊ नका. बुकिंगच्या अ‍ॅपवर दिसणारे हिरे-तारे बरेचदा त्या अ‍ॅपनेच दिलेले असतात. बघायचं ते "कधी सुरू झालं" आणि "कधी नूतनीकरण झालं" ही सालं. चिनी हॉटेल पहिली चार-पाच वर्षं चकाचक असतं, नंतर देखभालीत मार खातं. गालिचाला सिगारेटचा वास मुरतो, बाथरूमच्या सिलिकॉनच्या कडा काळ्या पडतात. २०१० साली उघडलेल्या चार ताऱ्यांच्या हॉटेलपेक्षा दोन वर्षांपूर्वी उघडलेली मधल्या दर्जाची साखळी केव्हाही बरी. छुआनजी, याद्वो, ज्युझी (इंग्रजीत ऑरेंज) ही त्यातली नावं. हानतिंग आणि रुजिया त्याहून स्वस्त, खोल्या लहान, पण शाखा नवी असेल तर चालतात.

दुसरी गोष्ट खिडकी. यादीत "खिडकी नाही" किंवा "आतली खिडकी" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आतली खिडकी म्हणजे ती कॉरिडॉरमध्ये किंवा डक्टमध्ये उघडते. ५०-६० युआन वाचतात, पण मे महिन्यातल्या ग्वांगझोऊच्या दमट हवेत त्या खोलीत टॉवेल वाळत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून कुबट वास सुटतो.

तिसरी, पलंगाची रुंदी. ती मीटरमध्ये लिहितात. "ताछुआंग" म्हणजे एक मोठा पलंग, साधारण १.८ मीटर. "श्वांगछुआंग" म्हणजे दोन वेगळे पलंग, बहुधा १.२ मीटरचे. तुम्हाला दुसरी खोली हवी. गादी कडक असते, तक्रार करून बदलत नाही. "पेइत्स" म्हणजे रजई. जास्तीची एक मागून घ्या आणि चादरीखाली अंथरा, वडिलांच्या पाठीला तेवढं पुरतं.

पहाटे उतरणार म्हणताय, तर बुकिंग २९ च्या रात्रीपासून करा. खोली ताब्यात मिळते दुपारी दोनला. ३० तारखेचं बुकिंग घेऊन पहाटे साडेपाचला पोचलात तर लॉबीतल्या सोफ्यावर आठ-नऊ तास काढावे लागतील. आणि २९ पासून घेतलंत तर "३० ला पहाटे पोचतो" असा निरोप हॉटेलला अ‍ॅपमधून आधीच पाठवा, तोही चिनीत भाषांतर करून. "पैसे हॉटेलवर" या प्रकारचं बुकिंग बरीच हॉटेलं संध्याकाळी सहापर्यंतच धरून ठेवतात, म्हणून पहिल्या रात्रीचे पैसे आगाऊ भरलेले बरे. त्या वेळी मेट्रो बंद असते, टॅक्सीच करावी लागेल.

---

पासपोर्टचं_पान

"परदेशी घेत नाहीत" या गोष्टीत अर्धं तथ्य आहे. परदेशी पाहुणे ठेवायला वेगळा परवाना लागण्याची पद्धत कागदावरून केव्हाच गेली. २०२४ च्या मेमध्ये तिथल्या वाणिज्य मंत्रालयाने इतर खात्यांसह स्पष्ट सांगितलं की "आमच्याकडे पात्रता नाही" या कारणावर परदेशी पाहुण्याला नाकारायचं नाही. तरी छोट्या हॉटेलात नाकारतात. कारण अगदी साधं आहे: प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांच्या प्रणालीत चढवावी लागते. चिनी माणसाचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं की काम झालं. परदेशी पासपोर्टची माहिती हाताने भरायची असते, आणि रात्रपाळीच्या पोराला ते येत नसतं. म्हणून अ‍ॅपवर "फक्त मुख्यभूमीचे नागरिक" (म्हणजे फक्त चिनी) अशी ओळ आहे का ते बघा आणि जिथे परदेशी पाहुण्यांचे ताजे अभिप्राय आहेत तेच हॉटेल घ्या.

काउंटरवर तीन पानं मागतात: फोटोचं पान, व्हिसाचं पान आणि प्रवेशाचा शिक्का. तिन्हींना आधीच चिठ्ठ्या लावून ठेवा. आपल्या पासपोर्टचा एक घोळ म्हणजे बऱ्याच जणांचा आडनावाचा रकाना रिकामा असतो, सगळं नाव दुसऱ्याच रकान्यात. तिथल्या फॉर्मला दोन्ही रकाने हवे असतात, म्हणून काउंटरवरची मुलगी मान वर करून तुमच्याकडे बघत बसते. व्हिसाच्या स्टिकरवर नाव जसं छापलंय त्यावर बोट ठेवा, तसंच भरायला सांगा. बुकिंगही त्याच स्पेलिंगने करा. दोघांची नावं बुकिंगमध्ये हवीत आणि दोघांचीही नोंद व्हायला हवी. एकाची राहिली तर ती चूक तुमच्या गळ्यात येऊ शकते. दोघांचं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

---

यंत्रमागवाला

बरं झालं विचारलं. आणखी दोन शंका. एका ओळखीच्या एजंटने १८० युआनचं "सर्व्हिस अपार्टमेंट" सुचवलंय, स्वयंपाकघरासकट. वडिलांच्या जेवणासाठी ते सोयीचं वाटतंय. आणि दुसरा पर्याय म्हणजे श्याओबेइ भाग, तिथे भारतीय खानावळी आहेत म्हणतात. यातलं काय घ्यावं?

---

पासपोर्टचं_पान

अपार्टमेंट नको. हॉटेलात पोलिसांची नोंद हॉटेल करतं. घरात राहिलात तर २४ तासांच्या आत ती तुम्ही किंवा घरमालकाने करायची असते. नाही केली तर ताकीद आणि २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. असल्या "अपार्टमेंट हॉटेलां"पैकी काही म्हणजे निवासी टॉवरमधले आठ-दहा फ्लॅट. खाली पाटी नाही, काउंटर नाही, दाराच्या कुलुपाचा कोड मोबाइलवर येतो. नोंदीचं विचारलं की "काळजी नको" असं उत्तर येतं. एजंटला एकच प्रश्न विचारा: पासपोर्टची नोंद कोण करणार आणि तिचा पुरावा मिळेल का? गोलमोल बोलला तर सोडून द्या.

---

आलंलसूण

श्याओबेइबद्दल माझं मत वेगळं आहे. तो भाग ५ नंबरच्या लाइनवर, आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतल्या व्यापाऱ्यांचा. हलाल खानावळी भरपूर, आसपास भारतीय जेवणही मिळतं. पण पाझोऊला जायचं तर गाडी बदलणं आलं, सकाळच्या गर्दीत पाऊण तास धरून चाला. तिथली बरीचशी हॉटेलं जुनी आहेत. फक्त रात्रीच्या जेवणासाठी तिकडे राहू नका. राहा खत्सुनला, भाजी-पोळीची फारच आठवण आली तर एखाद-दोन संध्याकाळी तिकडे जा.

आता वडिलांचं जेवण, कारण खरी गोची तिथेच आहे. चिनी माणसाला "शाकाहारी" सांगितलं की त्याला वाटतं मांसाचे तुकडे नकोत. रस्सा हाडांचा, तळण डुकराच्या चरबीत, वर चिमूटभर वाळलेली कोळंबी, हे त्याच्या हिशेबात मांस नसतंच. म्हणून "सू" हा शाकाहारीसाठीचा चिनी शब्द पुरत नाही. मोबाइलवर चिनीत एक कार्ड तयार ठेवा: "मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा रस्सा नाही, प्राण्याची चरबी नाही, ऑइस्टर सॉस नाही." शेवटचे तीन लिहायला विसरू नका. हिरव्या पालेभाजीवर ऑइस्टर सॉस (शिंपल्यांचा) ओतणं ही कँटनची रीतच आहे.

बुकिंगमध्ये न्याहारी धरलेली असेल तर दोघांची आहे ना ते बघा. काही दरांत एकाचीच असते. न्याहारीत वडिलांना चालेल ते असं: सोयाचं दूध (तौज्यांग), साधा मानतौ म्हणजे काहीही न भरलेला वाफवलेला पाव, उकडलेलं रताळं आणि मका, फळं, शेंगदाणे. पांढरी पेज असेल तर ढवळून बघा, तळाशी कधीकधी मांसाचे कण असतात. यौथ्याव ही लांब तळलेली काडी दिसते निरुपद्रवी, पण काही ठिकाणी पिठात अंडं असतं. गोड सारणाचे पाव चरबीमुळे टाळा. ग्वांगझोऊचा एक फायदा म्हणजे भाताच्या पिठाची वाफवलेली गुंडाळी, छांगफेन. ती सारणाशिवाय मिळते, तिला "झाय" म्हणजे शाकाहारी म्हणतात.

बेजिंग रोडजवळ दाफो हे बौद्ध मंदिर आहे, त्याच्या आवारात-आसपास शाकाहारी जेवण मिळतं. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे वडिलांना तिथे निर्धास्त जेवता येईल. ताटात "बदक" किंवा "मासा" दिसला तर दचकू नका, तो सोयाचा किंवा गव्हाच्या ग्लूटेनचा असतो.

घरून काय न्यायचं? खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा. मेच्या तोंडावर हापूसची पेटी न्यायचा मोह होईल, पण ताजी फळं आणि भाज्या नेता येत नाहीत. दूध, तूप, पनीर, श्रीखंड हेही बंदीच्या यादीत आहे. विमानतळावर काढून घेतात.

खोलीत किटली असते. पहिल्यांदा भरून उकळा आणि ते पाणी फेकून द्या. नळाचं पाणी न उकळता पिऊ नका. रोज दोन बाटल्या फुकट मिळतात. खोलीत शेगडी किंवा राइस कुकर लावू नका, आणि वडील सकाळी उदबत्ती लावत असतील तर त्यांनाही आधीच सांगा. धुराचा सेन्सर बरोबर पलंगाच्या वर असतो.

---

ओला_टॉवेल

वडिलांच्या धास्तीबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जेट स्प्रे नसतो. मगही नसतो. नव्या मध्यम हॉटेलांत "चिनंग माथोंग" म्हणजे बटणाने पाणी सोडणारं कमोड असतं. यादीतल्या फोटोत कमोडच्या बाजूला बटणांची पट्टी दिसली की समजा आहे. हा शब्द अभिप्रायांत शोधता येतो. नसेल तर अर्धा लिटरचा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, किंवा दाबून फवारा मारता येईल अशी घडीची बाटली. फक्त एक लक्षात ठेवा: कमोडजवळच्या फरशीला बरेचदा उतार नसतो. निचऱ्याची जाळी शॉवरच्या काचेआड असते. आपल्यासारखं सढळ हाताने पाणी ओतलं तर ते दाराबाहेर गालिचावर येतं आणि मग हॉटेल गालिच्याचे पैसे मागायला मोकळं.

बाथरूममधून गटाराचा वास आला तर खोली बदलायच्या आधी त्या जाळीत दोन मग पाणी ओता. खालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलं की वास वर चढतो. पाणी भरलं की पंधरा मिनिटांत वास जातो. नाही गेला तर बदला.

बाथरूमची भिंत काचेची असू शकते, खोलीच्या बाजूने आरपार. पडदा कुठे आहे ते आल्या आल्या शोधा, वडिलांसोबत असताना नंतर शोधायला नको. आणि "वूयान फांग" मागा, म्हणजे सिगारेटविना खोली. मिळालेल्या खोलीत आधी नाक लावून पडदा हुंगा. सामान उघडण्याआधी बदलून देतात, नंतर कुरकुर होते.

कपडे धुण्यासाठी साखळी हॉटेलांत बहुधा एका मजल्यावर वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतात, फुकट. दाराखालून मसाजच्या जाहिरातीची कार्डं आत सरकवली जातात. उचलून कचऱ्यात टाका, फोन करू नका.

---

सुटे_पैसे

पैसे. तिथे सगळं अलिपे आणि वीचॅटवर चालतं. परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड त्यांना जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला आकार नाही, त्यावर ३ टक्के. पण ही दोन्ही अ‍ॅप २०२० साली भारताने बंदी घातलेल्या यादीत आहेत. इथे असताना ती नीट उतरवून, कार्ड जोडून तयार ठेवणं जमेलच असं नाही. यूपीआय तिथे चालत नाही. म्हणून सगळा बेत अ‍ॅपवर बांधू नका. रोख युआन न्या आणि दोन वेगळ्या बँकांची आंतरराष्ट्रीय कार्डं ठेवा. कार्डाचं "परदेशी व्यवहार" हे बटण बँकेच्या अ‍ॅपमधून आधीच चालू करा, नाहीतर पहिल्याच काउंटरवर नकार येतो. ओटीपीसाठी तुमचा नंबर रोमिंगवर हवा. बरोबर २०,००० युआनपेक्षा जास्त रोख नेऊ नका, माणशी तेवढीच मर्यादा आहे. एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपये धरून हिशेब करा.

हॉटेल खोलीच्या भाड्याशिवाय "याजिन" म्हणजे अनामत घेतं, साधारण २०० ते ५०० युआन. ती रोखीत द्या आणि पावती घ्या. ती चिटोऱ्यासारखी दिसते, पण परत करताना तीच मागतात. तिचा फोटो काढा आणि मूळ कागद पासपोर्टमध्येच ठेवा. फॉरेक्स कार्डावर अनामत देऊ नका. रक्कम अडकून पडते आणि सुटायला कित्येक दिवस लागतात, तोवर तुम्ही इचलकरंजीत. स्वस्त हॉटेलांच्या यंत्रांवर व्हिसा-मास्टरकार्ड चालतच नाही असंही होतं, त्यांना फक्त चीनचं युनियनपे कार्ड कळतं. म्हणून भाडं अ‍ॅपवर आधीच भरलेलं बरं.

निघताना "छाफांग" होतं. तुम्ही काउंटरवर, आणि वर एक बाई खोलीत टॉवेल आणि फ्रीजमधल्या वस्तू मोजते. पाच मिनिटं लागतात. टॅक्सी आणखी वेळ हातात ठेवून बोलवा. टेबलावरच्या सगळ्याच वस्तू फुकट नसतात. छोट्या दरपत्रकाशेजारी ठेवलेलं काही फोडू नका.

---

तीनपिनी

फोन आणि वीज. व्होल्टेज आपल्यासारखंच, २२० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. पण आपली तीन गोल पिनांची वायर कुठेच बसत नाही. चपट्या दोन पिनांचे अडॅप्टर दोन न्या आणि इथली एक एक्स्टेंशन पट्टी. दारातल्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय वीज येत नाही. कार्ड काढलं की चार्जिंग थांबतं. दोन कार्डं मागून घ्या, एक खाचेतच राहू द्या. पुढे विमानाने दुसऱ्या चिनी शहरात जाणार असाल तर पॉवर बँकेवर "३-सी" ही चीनची सुरक्षिततेची खूण हवी. जून २०२५ च्या अखेरीपासून देशांतर्गत विमानात त्याशिवाय नेऊ देत नाहीत.

हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, गुगल काहीच उघडत नाही. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर उघडतं, कारण तो डेटा इथल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो. लॅपटॉपही त्याच हॉटस्पॉटवर चालवा. गुगलचा नकाशा चीनमध्ये रस्ते आणि खुणा काहीशे मीटरनी सरकवून दाखवतो, त्यावर चालत जाऊ नका. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिनी भाषेचं पॅकेट घरूनच उतरवून ठेवा. एसीच्या रिमोटपासून वॉशिंग मशीनच्या बटणांपर्यंत सगळीकडे कॅमेरा रोखावा लागणार आहे.

हॉटेलचं नाव आणि पत्ता चिनी अक्षरांत, शाखेसकट, कागदावर छापून वडिलांच्या खिशात ठेवा. एकाच साखळीच्या त्या शहरात डझनभर शाखा असतात. टॅक्सीवाल्याला नुसतं "छुआनजी" सांगितलंत तर तो सगळ्यात जवळच्या शाखेत सोडेल.

---

यंत्रमागवाला

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. आमचा सीए म्हणतो परदेशातलं हॉटेल बिल नीट आणा. तिथे नेमकं काय मागायचं?

---

सुटे_पैसे

दोन कागद असतात. "फाप्याव" म्हणजे त्यांचं करखात्याचं बिल. ते हल्ली ईमेलवर पीडीएफ येतं, पूर्ण चिनीत. दुसरं "श्वेइतान", म्हणजे रात्रीनिहाय भाड्याचा तक्ता, त्यावर पाहुण्याचं नाव आणि तारखा असतात. दोन्ही मागा. अ‍ॅपवर भाडं आगाऊ भरलं असेल तर फाप्याव बहुधा हॉटेल नाही, अ‍ॅप देतं, म्हणून बुकिंग करतानाच तो पर्याय बघा. हॉटेल देणार असेल तर कंपनीचं इंग्रजी नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आदल्या रात्रीच काउंटरवर द्या. सकाळी सुट्टीतल्या पाहुण्यांची रांग असते. श्वेइतानवर हॉटेलचा लाल शिक्का मारून घ्या आणि नावाचं स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा.